कुंभ राशीतला मंद तारा आणि त्याचे सात ग्रह

आपल्या आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी साधारण तीन तांबडे बटू, म्हणजे लहान, थंड, मंद तारे आहेत, आणि त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी, फक्त ४.२४ प्रकाशवर्षांवर, पण तोही दिसत नाही. आपण रात्री जे आकाश बघतो ते मूठभर मोठ्या, झगझगीत ताऱ्यांचं असतं. बहुसंख्य मंडळी अंधारातच असतात. मला या अंधारातल्या बहुसंख्यांचंच जास्त आकर्षण आहे, आणि आज त्यांच्यातल्या एकाबद्दल, ट्रॅपिस्ट-१ बद्दल, सविस्तर लिहायचं आहे.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. नोकरी आकडेमोडीची आहे, आणि मोकळ्या वेळात दुर्बिणींनी गोळा केलेली, सगळ्यांना खुली असलेली निरीक्षणं उतरवून घेऊन त्यांचे आलेख काढते. पृथ्वीएवढे ग्रह छोट्या, थंड ताऱ्यांभोवती जास्त सहज का सापडतात, हा प्रश्न आधी गणितानेच सोडवून बघावा असं मला वाटतं.

सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. दूरवरून कोणी बघत असेल आणि पृथ्वी सूर्यासमोरून आडवी गेली, तर सूर्याचा प्रकाश दहा लाखांत ८४ भागांनी कमी होईल. तेही वर्षातून एकदा, जेमतेम तेरा तास. शिवाय आपली कक्षा बघणाऱ्याच्या दृष्टिरेषेत असायला हवी, आणि तशी शक्यता साधारण दोनशेत एक. आता ट्रॅपिस्ट-१ हा तारा घ्या. तो कुंभ राशीत आहे, सुमारे ४० प्रकाशवर्षांवर. व्यास पृथ्वीच्या फक्त १३ पट, म्हणजे गुरूपेक्षा थोडासाच मोठा. त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला की प्रकाश दहा लाखांत जवळपास सहा हजार भागांनी घटतो. तारा सूर्याच्या अठराशेव्या हिश्शाइतकाच तळपतो, त्यामुळे पाणी द्रवरूपात राहील इतकी ऊब हवी असेल तर ग्रहाने त्याच्या अगदी जवळ असायला हवं. जवळ असला की वर्ष छोटं. या ताऱ्याच्या सात ग्रहांना आतून बाहेर बी ते एच अशी नावं आहेत. त्यातला ई ६.१ दिवसांत एक फेरी पुरी करतो, म्हणजे आपल्या एका वर्षात त्याची अधिक्रमणं, म्हणजे ताऱ्यासमोरून आडवं जाणं, साठेक वेळा होतात. आणि कक्षा दृष्टिरेषेत असण्याची शक्यता पन्नासात एकच्या आसपास येते.

म्हणजे सावली सत्तर पट खोल, साठ पट वारंवार, आणि दिसण्याची शक्यता चौपट. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती जुळी पृथ्वी शोधायला जे काम वर्षानुवर्षं अंतराळात बसून करावं लागतं, ते इथे ६० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने जमिनीवरून केलं.

ती दुर्बीण चिलीतल्या ला सिया इथे आहे, बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाची. ट्रॅपिस्ट हे नाव मूळ दुर्बिणीचं, ताऱ्याला ते तिच्यावरून मिळालं. तारा खरं तर १९९९ पासून माहीत होता. इन्फ्रारेडमधल्या एका आकाशपाहणीत तो नोंदला गेला, आणि एक लांबलचक क्रमांक अंगावर घेऊन यादीत पडून राहिला. इतक्या लहान ताऱ्याभोवती ग्रह शोधण्यात वेळ घालवावा असं तेव्हा फार कोणाला वाटत नव्हतं. लिएजच्या मिकाएल गिलॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. २०१५ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत त्यांनी या ताऱ्यावर नजर ठेवली आणि मे २०१६ मध्ये तीन ग्रह जाहीर केले.

तिसऱ्या ग्रहाची हकिगत मला फार आवडते. पहिले दोन स्पष्ट होते, एक दीड दिवसाचा, दुसरा २.४ दिवसांचा. तिसऱ्याचा काळ मात्र काही केल्या ठरेना. साडेचार दिवसांपासून ७३ दिवसांपर्यंत काहीही चालेल अशी परिस्थिती होती. मग स्पिट्झर अंतराळ दुर्बीण जवळपास तीन आठवडे या एकाच ताऱ्याकडे रोखून ठेवली, आणि प्रकाशाच्या आलेखात खाचांवर खाचा सापडत गेल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सात ग्रह जाहीर झाले. ११ डिसेंबर २०१५ च्या रात्री चिलीतल्याच एका मोठ्या दुर्बिणीने टिपलेली, त्या तिसऱ्या ग्रहाच्या खात्यावर लावलेली एक खाच प्रत्यक्षात तीन ग्रहांची होती. सी, ई आणि एफ हे तिघे एकाच वेळी ताऱ्यासमोरून जात होते. एका वेळी तीन जगं! तो आलेख मी मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले होते. आता माहीत असल्यामुळे त्यातल्या पायऱ्या ओळखू येतात. एक आत शिरला, दुसरा शिरला, एक बाहेर पडला.

स्वतः आलेख काढायचा म्हणून मी केप्लर अंतराळ दुर्बिणीची निरीक्षणं घेतली. केप्लरच्या चार संतुलन-चक्रांपैकी दोन २०१२ आणि २०१३ मध्ये बंद पडली होती. उरलेल्या दोघांच्या आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाच्या आधारे तिला स्थिर ठेवून के-२ ही मोहीम चालवली जात होती. डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७ या काळात तिच्या टप्प्यात कुंभ राशीचा तुकडा होता, आणि त्यात हा तारा. त्याच्याबद्दल इतकी उत्सुकता होती की कच्ची निरीक्षणं, कोणतीही साफसफाई न करता, लगेच सगळ्यांसाठी खुली केली गेली.

कच्चा आलेख उघडला की आधी करवतीचे दात दिसतात. दुर्बीण हळूहळू कलत जाई, दर सहा तासांनी छोटे थ्रस्टर तिला जागेवर आणत, आणि त्या हालचालीबरोबर तारा कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर सरके. हे दात प्रकाशाच्या खऱ्या चढउतारांपेक्षा मोठे आहेत. तारा कॅमेऱ्यावर नेमका कुठे होता ते प्रत्येक क्षणासाठी मोजायचं, त्या जागेशी प्रकाशाचं नातं काढायचं आणि ते वजा करायचं. दात गेले की खालून एक संथ लाट वर येते, ३.३ दिवसांची. ती ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याची. त्याच्या पृष्ठभागावरचे डाग समोर येतात, मागे जातात, आणि प्रकाश किंचित कमीजास्त होतो. मध्येच एखादी उभी रेघ सरळ वर जाते आणि हळूहळू उतरते, तो फ्लेअर. म्हणजे ताऱ्यावरचा चुंबकीय स्फोट. ही लाटसुद्धा काढून टाकली की मग उरतात खाचा. बारीक, ठरलेल्या वेळी येणाऱ्या.

माझी भाची त्या वेळी शेजारी बसली होती. मी तिला दीड दिवसाच्या बी ग्रहाच्या खाचा मोजून दाखवत होते. तिने मध्येच पडद्यावर बोट ठेवलं. "मावशी, इथे दोन खड्डे चिकटून का आहेत?" मी वेळा ताडून बघितल्या. एक बी होता, दुसरा सी. एक ग्रह पुरता बाहेर पडायच्या आत दुसरा शिरला होता. तिचा पुढचा प्रश्न होता, "मग त्यांना एकमेक दिसत असतील?"

ते गणित आम्ही तिथेच मांडलं. ई ग्रह ताऱ्यापासून सुमारे ४४ लाख किलोमीटरवर आहे. सूर्य आणि बुध यांच्यातलं अंतर ५ कोटी ८० लाख किलोमीटर, म्हणजे हे सातच्या सात ग्रह बुधाच्या कक्षेच्या आत सहज मावतात. ई आणि बाहेरचा एफ सगळ्यात जवळ येतात तेव्हा त्यांच्यात जेमतेम १४ लाख किलोमीटर उरतात. एफ जवळपास पृथ्वीएवढा आहे. म्हणजे ई वरून तो आपल्याला चंद्र दिसतो तेवढा दिसेल. आतल्या बाजूचा डी आकाराने लहान, पण आणखी जवळ येतो, तोही चंद्राएवढाच दिसेल. आणि तारा स्वतः आपल्या सूर्याच्या चौपट रुंद. भाची म्हणाली, "म्हणजे त्यांच्यावरचे डोंगर दिसतील." हवा मोकळी असेल तर मोठे ठळक भाग दिसतील, हे मी मान्य केलं.

इतके जवळजवळ असल्यामुळे हे ग्रह एकमेकांना सतत ओढतात, आणि ही ओढाताण आपल्या कामाची आहे. अधिक्रमणावरून ग्रहाचा आकार कळतो, वजन कळत नाही. पण शेजाऱ्याच्या ओढीमुळे एखादं अधिक्रमण काही मिनिटं लवकर होतं, एखादं उशिरा. या चुकलेल्या वेळा वर्षानुवर्षं नोंदून सातही ग्रहांची वस्तुमानं काढली आहेत. त्यांचे फेऱ्यांचे काळही एकमेकांशी साध्या गुणोत्तरांत बांधलेले आहेत. बी च्या आठ फेऱ्या होतात तेव्हा सी च्या जवळपास पाच, सी च्या पाच तेव्हा डी च्या तीन, आणि अशीच साखळी शेवटपर्यंत. स्पिट्झरला एच हा सातवा ग्रह एकदाच दिसला होता. त्याचा काळ किती असावा हे या साखळीवरून आधी हिशेबाने काढलं, आणि केप्लरच्या निरीक्षणांत तो तिथेच सापडला, १८.७७ दिवसांवर. हे वाचताना मी जागची उठून उभी राहिले होते. निसर्गाने आपलं गणित तपासून बरोबरची खूण करावी, असे प्रसंग फार थोडे येतात.

या साखळीचा आणखी एक अर्थ निघतो. ग्रह जागच्या जागी तयार झाले असते तर इतके नेटके बांधले गेले नसते. ते बहुधा बाहेरच्या, थंड भागात जन्मले आणि ताऱ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीतून आत सरकत आले. तिकडे बर्फ असतो. २०२१ मध्ये सातही ग्रहांच्या घनता नेमकेपणाने काढल्या गेल्या. त्या पृथ्वीच्या घडणीवरून यायला हव्या त्यापेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी कमी आहेत. लोखंड कमी असेल, नाहीतर पाणी असेल. दोन्ही शक्य आहे.

आता जीवयोग्य पट्ट्याबद्दल बोलायलाच हवं, कारण बातम्यांमध्ये तिथेच गल्लत होते. एखादा ग्रह जीवयोग्य पट्ट्यात आहे म्हणजे तो ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की, पृथ्वीसारखं वातावरण असेल तर, पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. सगळा भार त्या 'असेल तर'वर आहे. ई ला पृथ्वीच्या दोन-तृतीयांश ऊर्जा मिळते, एवढं आपण खात्रीने सांगू शकतो. तिथे हवा आहे का, हे अंतरावरून कळत नाही.

आणि हवा टिकवणं या ताऱ्यांजवळ सोपं नाही. तांबडे बटू जन्मल्यावर फार सावकाश आकुंचन पावतात, आणि त्या कोट्यवधी वर्षांत ते आजच्यापेक्षा बरेच तेजस्वी असतात. आज पट्ट्यात असलेला ग्रह तेव्हा भट्टीत असतो. त्याच्या समुद्रांची वाफ होते, अतिनील किरण ती फोडतात, हायड्रोजन अवकाशात निघून जातो. त्यानंतर फ्लेअरचा मारा. मार्च २०१६ मध्ये प्रॉक्सिमावर झालेल्या एका स्फोटात तो तारा काही काळ नेहमीच्या ६८ पट तेजस्वी झाला होता. त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फिरणारा, पृथ्वीच्या वस्तुमानाच्या जवळपासचा प्रॉक्सिमा बी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झाला. तो अधिक्रमण करताना दिसलेला नाही. ताऱ्याला तो माणसाच्या चालण्याइतक्या वेगाने मागेपुढे हलवतो, तेवढ्यावरून त्याचा पत्ता लागला.

शिवाय इतक्या जवळचा ग्रह ताऱ्याकडे कायम एकच बाजू ठेवून फिरत असणार, आपला चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तसा. एका बाजूला न मावळणारा दिवस, दुसरीकडे न संपणारी रात्र. रात्रीच्या बाजूला सगळी हवाच गोठून पडेल असं पूर्वी वाटायचं. १९९७ मधल्या हवामानाच्या गणितांनी दाखवलं की पृथ्वीच्या एक-दशांश दाबाची हवासुद्धा पुरेशी उष्णता पलीकडे वाहून नेऊ शकते. त्यामुळे एवढ्या एका कारणासाठी मी या ग्रहांना बाद करत नाही. पहिलं कारण, जन्मानंतरची ती भट्टी, मला जास्त छळतं.

जेम्स वेब दुर्बीण आल्यावर हे तपासता येऊ लागलं. पहिला नंबर बी चा. पद्धत सुंदर आहे. ग्रह ताऱ्याच्या मागे जातो तेव्हा त्याची स्वतःची उष्णता एकूण प्रकाशातून वजा होते. किती वजा झाली ते मोजलं की दिवसाच्या बाजूचं तापमान मिळतं. इथे ती घट दहा लाखांत सुमारे ८६० भागांची होती. मार्च २०२३ मध्ये उत्तर आलं, साधारण २३० अंश सेल्सिअस. उष्णता पलीकडे नेणारी हवा नसलेल्या काळ्या खडकाचं जे तापमान यावं, तेच. जूनमध्ये सी चं आलं, १०७ अंशांच्या आसपास, म्हणजे शुक्रासारखी दाट कार्बन डायऑक्साइडची हवा तिथेही नाही. २०२५ मध्ये डी वर पृथ्वीसारखी हवा आढळली नाही असं जाहीर झालं.

बऱ्याच ठिकाणी याला निराशाजनक म्हटलं गेलं. मला ते अजिबात पटत नाही. ४० प्रकाशवर्षांवरच्या, कोणत्याही दुर्बिणीतून ठिपका म्हणूनही वेगळ्या न दिसणाऱ्या खडकाचं तापमान माणसाने मोजलं आणि त्यावर हवा नाही हे ठरवलं, यापेक्षा मोठी बातमी त्या आठवड्यात दुसरी नव्हती. आणि बी चं हे कोरडेपण आता थेट ई च्या शोधात उपयोगी पडतं आहे.

अडचण अशी की ई ची हवा तपासायला अधिक्रमणाच्या वेळचा वर्णपट घ्यावा लागतो, ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येताना त्यातले कोणते रंग शोषले गेले ते बघायला. पण हा तारा इतका थंड आहे, पृष्ठभागाचं तापमान २,५६६ केल्विनच्या आसपास, की पाण्याची वाफ त्याच्या स्वतःच्या वातावरणातच असते, आणि थंड डागांमध्ये ती आणखी जास्त. ग्रह डाग नसलेल्या भागावरून गेला तर उरलेल्या डागांची वाफ ग्रहाचीच वाटू शकते. ताऱ्याने फसवण्याचा हा प्रकार जुना आहे. ग्लीझ ५८१ या तांबड्या बटूभोवती २००७ मध्ये डी आणि २०१० मध्ये जी असे ग्रह जाहीर झाले होते, जी तर ऐन पट्ट्यात. २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं की दोन्ही संकेत ताऱ्याच्या चुंबकीय हालचालींचे आणि फिरण्याचे होते.

ई च्या पहिल्या चार अधिक्रमणांचे वर्णपट सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रोजनची जन्मजात जाड हवा त्यावर नाही, एवढं पक्कं झालं. नायट्रोजनसारख्या जड वायूची हवा असू शकते, किंवा नुसता खडकही असू शकतो. ताऱ्याची ढवळाढवळ इतकी आहे की चार अधिक्रमणांत याहून पुढे जाता आलं नाही. म्हणून आता अशा वेळा निवडल्या जात आहेत जेव्हा बी आणि ई थोड्याच वेळाच्या अंतराने ताऱ्यासमोरून जातात. बी वर हवा नाही असं धरलं, तर त्याच्या वर्णपटात जे काही दिसेल ते सगळं ताऱ्याचं. ते ई मधून वजा करायचं, आणि जे उरेल ते ई चं. माझ्या करवतीच्या दातांची वजाबाकी आणि ही वजाबाकी एकाच जातीची आहे, फक्त कितीतरी पट नाजूक. मी या निकालांची वाट बघते आहे तशी दुसऱ्या कशाचीही बघत नाही.

ई वर हवा निघाली नाही तर? तर एफ आणि जी उरतात, अधिक दूर आणि अधिक थंड, हवा राखायला जास्त बरे. एलएचएस ११४० बी आहे, आकाराने पृथ्वीच्या पावणेदोन पट, बऱ्यापैकी शांत ताऱ्याभोवती, ४९ प्रकाशवर्षांवर. टेस दुर्बिणीने शोधलेला टीओआय-७०० डी आहे, १०० प्रकाशवर्षांवर, ३७ दिवसांचं वर्ष असलेला. २०२४ मध्ये सापडलेला ग्लीझ १२ बी त्यांच्यापेक्षा ऊबदार, पण फक्त ४० प्रकाशवर्षांवर. खडकाळ ग्रहांवर हवा आहे का एवढ्याच प्रश्नासाठी वेब दुर्बिणीचे ५०० तास राखून ठेवले आहेत. तांबडे बटू लाखो कोटी वर्षं जळत राहतात. सूर्याचं आयुष्य त्यांच्यापुढे किरकोळ. ट्रॅपिस्ट-१ आजच सुमारे ७६० कोटी वर्षांचा आहे आणि त्याची अजून सुरुवातही नीट झालेली नाही. विश्वातली बहुतेक खडकाळ जगं अशाच ताऱ्यांभोवती असतील, तर तिथे हवा टिकते की नाही यावर सजीवांना किती जागा आहे याचा हिशेब ठरणार आहे.

कोणाला हा आलेख स्वतः काढून बघायचा असेल तर के-२ च्या बाराव्या टप्प्यातली निरीक्षणं घ्या. त्यात दर मिनिटाची आणि दर अर्ध्या तासाची अशी दोन्ही आहेत. मिनिटाचीच घ्या, कारण बी चं अधिक्रमण जेमतेम ३६ मिनिटांचं असतं आणि अर्ध्या तासाच्या मोजणीत ते पसरट होऊन जातं. मध्ये काही दिवसांची मोकळी जागा दिसेल, दुर्बीण तेव्हा सुरक्षित अवस्थेत गेली होती. आधी दात काढा, मग लाट, मग १.५१ दिवसांच्या घडीवर आलेख दुमडा म्हणजे बी ठळक होईल. एच साठी घाई करू नका. तो सगळ्या काळात चारच वेळा येतो, आणि त्याच्या खाचा सगळ्यात उथळ आहेत.